दुसरी पट्टी

गयाबाई गेल्या तेव्हा डॉ. मेघा मगरे एकतीस वर्षांच्या होत्या. नोकरीला लागून सात महिने झाले होते.

मुकुंदवाडीत रुळांपलीकडे दोन खोल्यांच्या घरात वाढलेली ही मुलगी. वडील कचरू मगरे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते, आई कडूबाई शाळेत शिपाई. वस्तीतून एम.डी. झालेली ती पहिलीच. संभाजीनगरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, जिथं डॉक्टरही घडवले जातात, ती लेक्चरर म्हणून लागली तेव्हा वडिलांनी कारखान्यात पेढे वाटले होते.

दोन हजार दोन सालचा जुलै होता. ओपीडीत सव्वाशे माणसं रांगेत. गयाबाई हर्सूलहून आल्या होत्या. वय बावन्न, नवऱ्यासोबत भाजीपाला लावायच्या. सकाळपासून जबडा ठणकत होता, दोन्ही दंड जड झाले होते, एकदा उलटी झाली होती. छातीत दुखतंय का, असं मेघानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या नाही म्हणाल्या. ईसीजी काढला. त्याची कागदी पट्टी साफ होती. मेघानं केसपेपरवर पित्ताच्या गोळ्या लिहिल्या, खाली सही केली आणि घरी जाऊन आराम करा म्हणाली.

संध्याकाळी पाच वाजता वाफ्याच्या कडेला बसल्या बसल्या गयाबाई कलंडल्या. टेम्पो येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ही बातमी दवाखान्यात पोचली तेव्हा विभागप्रमुखांनी मेघाला खोलीत बोलावलं. "ईसीजी नॉर्मल होता. तुमच्यावर काही येत नाही. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. जास्त बोलू नका."

अकराव्या दिवशी गयाबाईंचे मालक मोतीराम आले. हातात तो केसपेपर होता, चार घड्या घातलेला. ते भांडायला आले असावेत असं वाटून वॉर्डबॉय दारात उभा राहिला. पण मोतीराम खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तिला झालं काय होतं एवढंच सांगा. गावात समदे विचारतेत. मी काय सांगू?"

मेघाला वाक्य तयार करून दिलेलं होतं. ते जिभेवर आलंसुद्धा. ती म्हणाली, "त्यांना हार्ट अटॅक आला होता. मी तो ओळखला नाही."

"पण पट्टी तर चांगली निघाली म्हणले."

"पहिली पट्टी कधीकधी चांगली निघते. मी त्यांना बसवून ठेवायला पाहिजे होतं. अर्ध्या तासानं दुसरी काढायला पाहिजे होती."

मोतीरामांनी केसपेपर उलगडून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "थांबली असती तर वाचली असती?"

"कदाचित. नक्की नाही सांगता येत."

"तुम्ही खरं सांगितलं," ते म्हणाले. "पण मी काय करू ह्या खऱ्याचं?" आणि उठून गेले.

त्यांनी तक्रार केली. चौकशी बसली. मेघानं चौकशीतही तेच सांगितलं. लेखी ताकीद मिळाली, बढती तीन वर्षं मागं पडली. घरी कचरू मगरे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "आपल्यासारख्यांच्या पोरांची चूक लोक लई दिवस ध्यानात ठेवतेत, मेघा. हे तुला ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक होतं, अण्णा."

"मग कबूल कशाला झालीस?"

"त्या माणसानं विचारलं होतं."

पुढं ती हृदयरोगाचं शिक्षण घ्यायला मुंबईला गेली, तीन वर्षांनी परत आली, आणि त्याच शहरात शिकवायला लागली. डॉ. मगरेंचे विद्यार्थी आज पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यातल्या बहुतेकांना त्यांचा पहिला तास आठवतो, आणि आठवताना त्यांचे चेहरे काही खुलत नाहीत. मॅडम गयाबाईंची पट्टी, नाव झाकून, पडद्यावर लावायच्या. तक्रारी वाचून दाखवायच्या. मग एकेकाला उभं करायच्या. "घरी पाठवशील?" पोरं पट्टी नीट बघायची. बरीचशी 'पाठवीन' म्हणायची. साठ जणांना विचारून झालं, की मॅडम सांगायच्या, "ही बाई त्याच संध्याकाळी गेली. घरी पाठवणारी मी होते." वर्गात कुणाला मान वर करवायची नाही.

पण वर्गात शिकवून भागत नाही हे त्यांना अतिदक्षता विभागात कळलं. येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाला त्या दोन गोष्टी विचारायला लागल्या. दुखायला लागलं किती वाजता, आणि आधी कुठं गेलात. उत्तरं वहीत लिहायच्या. पहिल्या शंभर जणांत निम्म्याहून अधिक लोक सहा तास उलटल्यावर आले होते. रस्ता दोन तासांचा, मग बाकीचा वेळ गेला कुठं? तो गेला होता गावातल्या एखाद्या दवाखान्यात, सलाइनची बाटली संपण्याची वाट बघत.

म्हणून त्या दर रविवारी बाजारच्या गावांना जायला लागल्या. पिशोरच्या बाजारात पहिल्यांदा टेबल मांडलं तेव्हा अकरा माणसं आली. चौघांना चष्म्याचा नंबर काढून हवा होता. एकानं विचारलं, "कोनत्या कंपनीच्या तुम्ही? गोळ्या फुकट हायेत का?" अटॅक आला तर कुठं जायचं ते मॅडम घसा ताणून बोलल्या, लोक ऐकून मिरच्यांच्या ढिगाकडं निघून गेले.

हे वर्षभर चाललं. एका रविवारी राजकुमार नावाचा काळी-पिवळी जीप चालवणारा माणूस टेबलाला टेकून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही ह्यांना कशाला सांगायलेत? पेशंट कुठं न्यायचा ते आम्ही ठरवितो. घरचे तर घाबरलेले असतेत. डायव्हर, बघ बाबा तूच, म्हणतेत."

पुढच्या रविवारी मॅडमनी टेबल बाजारातून उचलून जीपच्या स्टँडवर नेलं. बावीस ड्रायव्हर होते. त्यांना एवढंच शिकवलं, की छाती, जबडा, पाठ, दंड यांतलं काही दुखत असेल आणि सोबत घाम सुटला असेल, तर सलाइनवाल्याकडं न्यायचं नाही. जिथं ईसीजीची मशीन आहे तिथंच गाडी लावायची.

आता मशीन कुठं आहे, हा प्रश्न आला. तीन वर्षं पत्रं लिहून, मुंबईला चकरा मारून त्यांनी तीन आरोग्य केंद्रांसाठी ईसीजी, शॉक देण्याची मशीन आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मंजूर करून घेतलं. मंजुरीच्या बैठकीत एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले होते, "एमबीबीएस पोरांच्या हातात हे औषध? मेंदूत रक्तस्राव झाला तर जबाबदार कोण?"

"फोनवर मी असेन," मॅडम म्हणाल्या. "माझं नाव लिहून घ्या."

नाव लिहून घेतलं गेलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला मॅडम वॉर्डात विद्यार्थ्यांना घेऊन राऊंड घेत होत्या. फोन वाजला. पिशोरच्या पलीकडच्या आरोग्य केंद्रातून डॉ. शिवराज बोलत होता. त्यांचाच विद्यार्थी, सव्वीस वर्षांचा, त्या केंद्रात लागून पाच महिने झालेले.

"मॅडम, छप्पन्न वर्षांची बाई आहे. सारजाबाई. पाठ आणि जबडा दुखतोय, घाम आहे, उलटी झाली. नाडी पन्नास. ईसीजी साफ आहे. मी थांबवून ठेवलंय, पण घरचे ऐकत नाहीत."

मागून चढे आवाज येत होते. सारजाबाईंना राजकुमारनंच जीपमधून आणलं होतं. त्यांचे दीर काकासाहेब नेहमीच्या डॉक्टरकडं चला म्हणत होते, तरी यानं गाडी सरळ केंद्राच्या दारात आणून उभी केली होती. आता काकासाहेब त्याच्यावर आणि शिवराजवर दोघांवरही भडकले होते. "पट्टी चांगली हाय म्हंता ना? मग सोडा की. इथं कशाला डांबून ठिवायलेत?"

"किती वेळ झाला पहिल्या पट्टीला?" मॅडमनी विचारलं.

"बारा मिनिटं."

"आणखी आठ मिनिटं काही करून थांबव. दुसरी काढ आणि मला पाठव. अँब्युलन्स?"

"ती डिलिव्हरीची पेशंट घेऊन सिल्लोडला गेलीय. यायला तास लागेल. तिथून तुमच्याकडं पावणेदोन तास."

मॅडम व्हरांड्यात आल्या. विद्यार्थी मागोमाग आले. त्यांना कुणी जा म्हटलं नाही. आठ मिनिटं म्हणता म्हणता अकरा गेली. मग फोनच्या पडद्यावर पट्टीचा फोटो उमटला. मॅडमनी तो बोटांनी मोठा केला आणि शेजारच्या मुलीपुढं धरला. त्या मुलीचा चेहरा बदलला. हृदयाच्या खालच्या बाजूला रक्त नेणारी नळी बंद पडली होती. आता त्यात शंका घ्यायला जागा नव्हती.

"शिवराज, अटॅक आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चावायला दे. इंजेक्शन काढून ठेव. आता यादी म्हण."

हे औषध गुठळी विरघळवतं, तसं दुसरीकडं कुठं जखम असेल तर तिथूनही रक्त सोडतं. म्हणून देण्याआधी एक यादी विचारायची असते. शिवराज एकेक विचारत गेला. लकवा कधी झाला होता? नाही. ऑपरेशन? नाही. पोटात अल्सर? नाही. मग तो थांबला.

"मॅडम, कपाळावर टेंगूळ आहे. उजव्या बाजूला. काकासाहेब म्हणतात सकाळी अंगणात चक्कर येऊन पडल्या."

डोक्याला मार लागला असेल आणि हे औषध दिलं, तर मेंदूत रक्त उतरू शकतं. नाही दिलं, तर अडीच तास हृदयाचा एक भाग मरत राहणार, आणि नाडी आधीच पन्नासवर आलेली.

"पडताना कुणी पाहिलं?"

"काकासाहेब मळ्यात होते. त्यांना सांगितलं कुणीतरी."

"कुणी सांगितलं ते नको. पाहिलं कुणी? शोध."

सारजाबाईंची सून तनुजा बाहेर जीपपाशी लेकराला घेऊन उभी होती. तिला आत कुणी येऊच दिलं नव्हतं. शिवराजनं तिला बोलावून फोन स्पीकरवर लावला.

"तनुजा, घाबरू नको," मॅडम म्हणाल्या. "सासूबाई पडल्या तेव्हा तू कुठं होतीस?"

"पडल्या नाय त्या. मला म्हणल्या, गरगरायलंय, तर मी धरलं त्यांला. हळूच खाली बसवलं."

"मग कपाळाला काय लागलं?"

"ते काल. गोठ्यात वाकल्या तर खुंटा लागला. हळद लावली मी."

"त्यानंतर काल चक्कर, उलटी, काही विसरणं? काल रात्री स्वयंपाक कुणी केला?"

"त्यांनीच. भाकऱ्या टाकल्या अन् मला बोलल्याबी, पीठ सैल भिजवलं म्हणून."

मॅडमनी शिवराजला डोळ्यांच्या बाहुल्या बघायला लावल्या, हात-पाय उचलायला लावले, टेंगूळ दाबून बघायला सांगितलं. सगळं ठीक होतं. मग म्हणाल्या, "द्यायचं. संमती घे."

काकासाहेबांनी सही करायला नकार दिला. फोनजवळ तोंड आणून म्हणाले, "मॅडम, इथं प्रयोग नगं. आम्ही संभाजीनगरला आणतो, तिथं तुमी काय करायचं ते करा. हे इंजेक्शन दिल्यावर वहिनीला काय होणार नाय, ह्याची ग्यारंटी देता का?"

"नाही देत," मॅडम म्हणाल्या. "शंभरात एखाद्याच्या डोक्यात रक्तस्राव होतो. कपाळाला लागलंय म्हणून माझ्या मनातही धाकधूक आहे. पण इथवर यायला अडीच तास लागतील, आणि तोवर त्यांचं हृदय थांबण्याचा धोका याच्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे."

"तुमी तिकडं लांब बसून बोलायलेत. इथं काय झालं तर माणूस आमचं जाईल."

"खरं आहे. सारजाबाई शुद्धीवर आहेत ना? फोन त्यांना द्या."

तोवर त्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं. मॅडमनी सगळं परत, सोप्या शब्दांत सांगितलं, धोकाही सांगितला. पलीकडून धापा ऐकू येत होत्या. मग सारजाबाई म्हणाल्या, "द्या बाई. दोन्हीकून मराणच हाय तर औषध घिऊन बघू. अन् ह्यांला बाहेर काढा, लई कालवा करायलेत."

अंगठा नको म्हणाल्या, सही केली. दहा वाजून चौपन्न मिनिटांनी शिवराजनं इंजेक्शन दिलं. फोन चालूच ठेवून टेबलावर उभा केला.

वीस मिनिटं काही झालं नाही. दुखणं थोडं कमी झाल्यासारखं वाटतंय, असं शिवराज म्हणाला. मॅडमनी विद्यार्थ्यांना एवढंच सांगितलं, "नळी उघडते तेव्हाच हृदय बिथरतं. अजून संपलेलं नाही."

आणि पंचविसाव्या मिनिटाला शिवराजचा आवाज फाटला. "मॅडम, बोलत नाहीयेत. मॉनिटरवर सगळं वेडंवाकडं—"

"शॉक. दोनशे. सगळ्यांना बाजूला कर."

स्टूल पडल्याचा आवाज आला. काकासाहेब आत घुसले असावेत. "काय केलं रे तिला" हे तेवढं स्पष्ट ऐकू आलं. तनुजाचं रडणं. नर्स म्हणत होती, सर, चार्ज झालंय, सर. शिवराजनं खऱ्या माणसाला कधी शॉक दिला नव्हता. शिकताना रबरी पुतळ्यावर तीनदा दिला होता, मॅडमच्या दवाखान्यात, त्यांच्या समोर.

"शिवराज, कुणाचा हात लागलेला नाही ना बघ. दाब बटण."

धप्प असा आवाज आला. मग काहीच नाही. मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले नव्हते, घड्याळाकडं बघत होत्या. चार सेकंद. सात. दहा.

"नाडी लागतेय," शिवराज म्हणाला. तो आणखी काही सांगायच्या आत सारजाबाईंचा जाड, वैतागलेला आवाज आला. "कोनी मारलं रं मला?"

व्हरांड्यातली एक विद्यार्थिनी खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. "अँब्युलन्स आली की तू सोबत ये," मॅडमनी शिवराजला सांगितलं. "मशीन मांडीवर घेऊन बस."

त्या दुपारी सारजाबाई शहरात पोचल्या, संध्याकाळी नळीत स्टेंट बसवला. हृदयाची ताकद थोडी कमी झाली ती झालीच, पण नवव्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. त्याआधी काकासाहेब मॅडमच्या खोलीत येऊन उभे राहिले. आभार मानायला आलेत असं वाटत नव्हतं.

"मी सही करीत नव्हतो," ते म्हणाले.

"तुम्ही विचारत होता ते बरोबर होतं. धोका होताच."

"उद्या ह्या इंजेक्शनानं कोनी गेलं, तर?"

"तर मी त्यांच्या घरी जाऊन सांगीन."

ती वेळ तीनच महिन्यांत आली. मे महिन्यात दुसऱ्या केंद्रावर चौसष्ट वर्षांच्या एका माणसाला तेच औषध दिलं. यादी पूर्ण विचारली होती, काहीच चुकलं नव्हतं, फोनवर मॅडम होत्या. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. चौथ्या दिवशी मॅडम एकट्या गाडी चालवत त्याच्या गावी गेल्या. ओट्यावर माणसं बसलेली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "औषध द्या म्हणून मी सांगितलं होतं. त्याच औषधानं ते गेले."

त्याची मुलगी पुढं आली. "दिलं नसतं तर?"

"तर हृदयानं जाण्याची भीती जास्त होती. पण असं झालं नसतं."

कुणी त्यांना बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. अर्धा तास त्या उभ्या राहिल्या. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. परत येताना फुलंब्रीच्या पुढं गाडी रस्त्याकडेला घेऊन त्या बराच वेळ थांबल्या होत्या, असं त्यांनी नंतर आईला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बैठक लागली. योजना बंद करा, असं म्हणणारे आता वाढले होते. ज्येष्ठ डॉक्टरांनी जुन्या कागदावरचं मॅडमचं नाव वाचून दाखवलं. मॅडमनी आपली वही उघडली. एकतीस जणांना औषध दिलं होतं. सत्तावीस घरी गेले होते, तीन हृदयानं दगावले, एक औषधानं. वाचताना त्यांनी त्या एकापासून सुरुवात केली, नाव आणि गावासकट. सगळं वाचून झाल्यावर म्हणाल्या, "जबाबदार मीच आहे. पण बंद केलं तर त्या सत्तावीस जणांतले किती गेले असते, याला जबाबदार कोण, तेही लिहून घ्या."

दोन तास वाद झाला. शेवटी तीन केंद्रं चालू राहिली. नवी आठ मागितली होती, ती वर्षभरासाठी नामंजूर झाली.

जूनमध्ये शिवराज पुढच्या शिक्षणासाठी गेला. त्याच्या जागी डॉ. सरिता नावाची मुलगी आली, लातूरकडची. रविवारी मॅडम तिथं पोचल्या तेव्हा ती इंजेक्शनच्या फ्रिजसमोर उभी होती. मे महिन्यातली बातमी तिनं ऐकलेली होती.

"मॅडम, मला हे जमणार नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून कुणी गेलं तर मी परत उभी नाही राहू शकणार."

मॅडमनी तिची समजूत घातली नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि शॉकच्या मशीनचं झाकण काढायला लावलं. तासभर तिच्याकडून एकच गोष्ट करून घेतली. मशीन लावणं, चार्ज करणं, माणसं बाजूला करणं, परत काढून ठेवणं. अकराव्या वेळी तिनं सगळं न अडखळता केलं. मग मॅडमनी शिवराजचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. "पहिल्यांदा शॉक देताना काय होतं ते याला विचार. मी सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही."

सरिता फोन कानाला लावून खिडकीशी गेली. मॅडम बाहेर आल्या. जीपच्या स्टँडवर चार नवे ड्रायव्हर आलेत, असा राजकुमारचा निरोप होता. ऊन डोक्यावर यायच्या आत त्यांना गाठायचं होतं, म्हणून त्या चालायला लागल्या.